कुरणवाडी किती लांब

आमच्या वाडीत शिरताना डाव्या हाताला किलोमीटरचा जो दगड लागतो, तो सरकारी नाही. त्याच्या डोक्याला पिवळा रंग नाही आणि हिरवाही नाही. पिवळा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा. आमची वाट कुठल्याच खात्याची नाही. म्हणून ज्या माणसाने तो दगड घडवला, रोवला आणि रंगवला, त्याने आठ दिवस विचार केला आणि दगडाचं डोकं पांढरंच ठेवलं.

"ज्याचा रस्ता त्याचा रंग," ते म्हणाले होते. "आपल्याला कुणी वाली न्हाय, तर उगं दुसऱ्याचा रंग कशाला लावून घ्यायचा?"

ते आमचे आप्पा. समोर सगळी वाडी त्यांना आप्पा म्हणायची आणि ते चार पावलं पुढे गेले की दगडआप्पा म्हणायची. बांधकाम खात्यात ते मैलकुली होते. रस्त्याचा ठरलेला तुकडा ज्याच्या हवाली असतो, तो मैलकुली. खड्डे बुजवायचे, साइडपट्टीचं गवत काढायचं, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावायचा, दगडांवरचे आकडे उन्हापावसाने पुसट झाले की पुन्हा रंगवायचे. जळकोटच्या अलीकडचा एक तुकडा आप्पांनी सगळी नोकरीभर सांभाळला. मग रस्ता रुंद झाला, यंत्रं आली, आप्पांचे दगड एका दुपारीत उपटून खड्ड्यात लोटले गेले, आणि आप्पा निवृत्त होऊन वाडीत येऊन बसले. त्यातला एकही दगड त्यांनी घरी आणला नाही. "सरकारी हाय," म्हणाले. ओढ्यातून चार नवे दगड काढले, छिन्नीने घडवले, रंग स्वतःच्या पेन्शनीतून आणला, आणि मोठ्या गावाच्या ग्रामपंचायत कचेरीपासून आमच्या वाडीपर्यंत एकेक करून रोवले. शेवटच्या दगडावर लिहिलं: कुरणवाडी ३.६००.

तीन किलोमीटर सहाशे मीटर. माझ्या गावाचा इतिहास आणि भूगोल या आकड्यात आहे असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा. मीही आधी हसले होते.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. तेव्हापासून मला हे लिहायचं होतं.

आप्पा बुटके, काळे, खांद्यावर कायम पंचा, आणि चालताना मान खाली. लोकांना वाटायचं की म्हातारा काही शोधतोय. ते रस्ता तपासत असायचे. सवयच ती. कुणाच्या लग्नात जेवायला बसले तरी आधी मांडवातला खळगा पायाने बुजवायचे. दर सोमवारी सकाळी पाण्याची बादली आणि फडकं घेऊन निघायचे आणि चारही दगड पुसून यायचे. त्यांना अंतर सांगताना "जवळ" आणि "लांब" हे शब्द चालत नसत. दवाखाना लांब आहे का असं विचारलं तर म्हणायचे, "लांब म्हंजी काय? आकडा विचार." नातवाने शाळेत पहिला नंबर काढला, तर त्यांनी विचारलं, "दुसरा किती मागं हाय?"

त्यांचं एक वाक्य वाडीत पोराटोरांना पाठ होतं. "लांब असणं गुन्हा न्हाय. लपवणं गुन्हा हाय."

आणि आमची वाडी नेमकं तेच करत होती. पिढ्यान्पिढ्या.

हे समजायला आधी वाडी समजली पाहिजे. खाली काळी रानं, वर मुरमाड माळ, माळावर गवत, आणि मोठं गाव आणि आम्ही यांच्यामध्ये एक खोल ओढा. साठेक घरं. निम्मी मेंढरंवाल्या धनगरांची, काही शेतकरी, दोन-तीन वाणी घरं, जी घरात कानडी बोलतात आणि दुकानात मराठी. चौथीपर्यंत शाळा, एक बिरोबा, एक महादेव, दोन विहिरी. हे सगळं डोळ्यांना दिसतं. कागदावर यातलं काहीच दिसत नाही. रेशनकार्डावर नाव मोठ्या गावाचं, लाइट बिलावर मोठ्या गावाचं, सातबारा तिथला, मतदानाला तिकडंच जायचं. ऑनलाइन अर्ज भरताना गावांची यादी उघडते. तुम्ही बोटाने खाली खाली सरकत जा, आमचं नाव येत नाही. कुरणवाडी हे गावच नव्हतं. सरकारच्या लेखी आम्ही मोठ्या गावाची एक वस्ती. योजना यायची ती ओढ्याच्या पलीकडे थांबायची. पाण्याची टाकी पलीकडे, समाजमंदिर पलीकडे, डांबर पलीकडे.

मी वाडीचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की निजामाच्या काळात इथे सरकारी घोड्यांचं राखीव कुरण होतं. आप्पांना वाचून दाखवलं.

"घोडं कुणी बघितलं?" त्यांनी विचारलं.

"लोक म्हणतात, आप्पा."

"म्हणत्यात म्हंजी कोण? नाव सांग. म्या इचारून येतो."

मग ते मला एका जुन्या लिंबाखाली घेऊन गेले आणि मातीत बुडालेल्या चार दगडांवरची माती पायाने सारली. "ही पहिल्या घराची जोती. मेंढरं घेऊन तीन घरं आली हुती, पावसाळाभर मेंढरांभवती वाघुरीचं जाळं लावून ऱ्हायची आन् माघारी जायची. एका साली गेली न्हाईत. का न्हाई गेली ते कुणाला ठावं न्हाय. जोतं दिसतंय, तेवढं लिही. घोडं खोड."

मी घोडे खोडले. मनातून खूप वाईट वाटलं. घोडे चांगले पळत होते.

आता लपवण्याबद्दल सांगते. आमच्या वाडीची एक रीत होती. बाहेरच्या माणसाने "तुमची वाडी किती लांब?" असं विचारलं की उत्तर एकच: "हितंच हाय." गुरांचा डॉक्टर निघताना विचारायचा, हितंच हाय. नवे गुरुजी हायवेवर उतरून विचारायचे, हितंच हाय, आलंच. सोयरीक जुळवायला निघालेले पाहुणे विचारायचे, हितंच हाय की, बिडी संपायच्या आत. यात फसवायचा हेतू नसायचा. खरं सांगितलं तर कुणी येत नाही, हे वाडीला अनुभवाने कळलं होतं. त्यात पाहुणचारही होता: दमलेल्या माणसाला अजून लांब आहे असं कोण सांगणार? होता होता ते "हितंच" इतकं जिभेवर बसलं, की आम्ही एकमेकांनाही तसंच सांगायला लागलो.

या रीतीचे मुखिया होते डेअरीवाले भाऊ. वाडीचं दूध गोळा करायचे, वाडीच्या सोयरिकी जमवायचे, आणि कुठलाही अधिकारी आला की पुढे होऊन बोलायचे. पाहुणे मुलगा बघायला येणार असले की भाऊ सकाळी जाऊन आप्पांच्या दगडांवर पोती टाकायचे आणि वर गोवऱ्या रचायचे.

एकदा मुलीचा बाप त्याच गोवऱ्यांवर टेकला. दमला होता बिचारा. गोवऱ्या घसरल्या, पोतं सरकलं आणि खाली आकडा निघाला. तेवढ्यात समोरून आप्पा बादली घेऊन आले, सोमवार होता.

"अजून किती हाय हो?" मुलीच्या बापाने विचारलं.

भाऊ म्हणाले, "आलं की! हितंच!"

आप्पा म्हणाले, "सोळाशे मीटर. मधी ओढा. ओढ्यात पाणी नडगीएवढं. धोतर वर घ्या."

मुलीच्या बापाने धोतर वर घेतलं नाही, तो आल्या वाटेने माघारी गेला. भाऊ वर्षभर आप्पांशी बोलले नाहीत. दूध घ्यायचे, माप सांगायचे, पण भिंतीकडे बघून.

"तुम्हाला काय मिळतं हो असं करून?" मी एकदा आप्पांना रागाने विचारलं होतं. उत्तर त्यांच्या बायकोने दिलं. तिला आम्ही आक्का म्हणतो. ती अक्कलकोटकडची, चिडली की कानडीत शिरते.

"मला विचार की गं. माझ्या बापाला ह्यांच्या बापानं सांगितलं, मोठ्या गावापासनं हितंच हाय. वरातीची गाडी ओढ्यात रुतली. हळदीच्या पायानं मी चिखल तुडवत आले. यप्पा यप्पा! दारात माप ठेवलेलं, सासू म्हणाली, ओलांड. मी म्हणाले, आधी सांगा, अजून किती हितंच हाय?"

आप्पा खाली मान घालून दोरी वळत होते. "त्या दिवशीपासनं," ते म्हणाले, "म्या तो शब्द सोडला."

आता माझी चूक सांगते, कारण दुसऱ्यांच्या सांगितल्या आणि स्वतःची लपवली तर मला हे लिहायचा हक्क नाही.

मी पत्रकांवर वाढले. माझे वडील मोर्चे-मेळाव्यांना जायचे आणि येताना पत्रकांची थप्पी आणायचे. गुलाबी, पिवळी, पातळ कागदाची, शाई बोटांना लागणारी. बाराखडी पुरी व्हायच्या आत मला "धिक्कार" वाचता येत होतं. त्यामुळे कुरणवाडीला स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा मिळावा म्हणून अर्ज करायचं ठरलं, तेव्हा पत्रक मी लिहिणार हे उघड होतं. मी पेटून लिहिलं. "आठ किलोमीटरची जीवघेणी पायपीट! किती पिढ्या चालायचं?" जळकोटच्या बाजारात मी स्वतः उभी राहून ते वाटलं. अजून आठवलं की अंगावर काटा येतो, लोक थांबून वाचत होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आमच्या दारात. एका हातात पत्रक, दुसऱ्या हातात लाल रंगाचा ब्रश. त्यांनी पत्रक ओट्यावर पसरलं आणि "आठ" या शब्दावर सावकाश लाल रेघ मारली.

"कुठनं मोजलंस?"

"आप्पा, चळवळीत थोडं वाढवून लिहावं लागतं. नाहीतर कुणी लक्ष देत नाही."

"ती कमी करत्यात, तू वाढवतीस. वाडी तिथल्या तिथं हाय. तिला का वडताय दोघं मिळून?"

"आठ काय, साडेतीन काय, अन्याय तोच ना?"

"अन्याय खरा हाय न्हवं?" आप्पा म्हणाले. "मग खरा आकडा पुरंल त्याला."

मी चिडले. "तुम्हाला रस्ते कळतात, आप्पा. लढा कळत नाही," असं मी त्या माणसाला म्हणाले. त्यांनी ब्रश पुसला आणि ते गेले. मी पत्रक बदललं नाही.

आमच्या अर्जाला मोठ्या गावातल्या काही जणांनी हरकत घेतली. वाडी वेगळी झाली असती तर मतं जाणार होती, निधी वाटला जाणार होता. हरकतीत त्यांनी लिहिलं की ही वस्ती गावाला लागूनच आहे, वेगळं गाव करायची गरज नाही. नियमाप्रमाणे मूळ गावापासून ठरावीक अंतर हवं. ते नसेल तर प्रस्ताव तिथेच संपतो. आणि हरकतीला पुरावा म्हणून त्यांनी काय जोडलं? माझं पत्रक. बघा, हे लोक खोटं बोलतात.

तालुक्याहून कळलं की मंडळ अधिकारी पाहणीला येणार. त्यांच्या अहवालावर सगळं होतं. अहवाल उलटा गेला तर फाइल बंद, आणि पुन्हा उघडायला आणखी एक पिढी. आदल्या दिवशी बिरोबाच्या पारावर बैठक बसली. भाऊंनी आधी एकच विषय काढला.

"दगडआप्पाचं काय करायचं?"

"का? येऊ द्या की त्यांना," मी म्हणाले, पण फार जोरात नाही.

"येऊ द्या? साहेब आल्या आल्या त्यो इचारंल, तुमी कुठनं मोजलं. साहेब चिडला की गेलं गाव चुलीत." भाऊ उठले. "त्यांना हारतुरे आणायला जळकोटला धाडू. मानाचं काम सांगू. दुपारपत्तुर येत न्हाईत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. हे लिहिताना लाज वाटते, पण मान डोलावली ती डोलावली.

दिवाळी नुकतीच झालेली. तुरी पिवळ्या फुलल्या होत्या. मंडळ अधिकारी म्हणून एक मॅडम आल्या, सोबत तलाठी. जीप हायवेच्या बाजूच्या कच्च्या वाटेने आली. त्या बाजूला ओढा नाही, त्यामुळे मोठ्या गावाची वाट त्यांनी पाहिलीच नाही. मॅडमचा चेहरा उन्हाने लाल झालेला, दिवसातली तिसरी पाहणी. त्या शाळेच्या खोलीत खुर्चीवर बसल्या, पाणी प्याल्या, आणि अगदी सहज, कुठल्याही पाहुण्याने विचारावं तसं विचारलं:

"मूळ गाव इथून किती लांब आहे हो?"

आणि सगळी वाडी एका सुरात म्हणाली, "हितंच हाय, मॅडम!"

बायाबापड्या, पोरं, महादेवाचा पुजारी, सगळे! भाऊंचा आवाज तर सगळ्यांत मोठा. "दोन मिनिटं, मॅडम! हितंच, ओढ्याच्या पल्याड!" दमलेली बाई, तिला लांब आहे असं कसं सांगायचं? ज्या एका प्रश्नासाठी आम्ही वर्षभर धावत होतो, त्याचं उत्तर आमच्या जिभेनेच देऊन टाकलं. म्हणून झाल्यावर ते कळलं. भाऊंचा हात तोंडावर गेला.

"नाही मॅडम, तसं नाही!" मी ओरडले. "लांब आहे, खूप लांब आहे!"

मॅडमनी फाइलमधून गुलाबी कागद काढला. "हे तुम्हीच लिहिलंय ना? आठ किलोमीटर?"

"हो."

"आणि हे म्हणतात दोन मिनिटं." त्यांनी कागद खाली ठेवला. "माझ्याकडे वेळ नाही. नकाशावर तुमची वस्ती दाखवलेलीच नाही. मी काय लिहू?"

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

त्याच वेळी आप्पा आले. ते दुपारनंतर यायला हवे होते. पण त्यांना जळकोट गाठावंच लागलं नाही. हारवाला रस्त्यातच सायकलवर भेटला, त्याच्याकडून हार घेतले आणि ते सरळ माघारी फिरले. इतकं साधं. हातात झेंडूचे हार, खांद्यावर पंचा.

"तीन किलोमीटर सहाशे," त्यांनी दारातूनच सांगितलं. प्रश्न त्यांनी बाहेरून ऐकला होता.

तलाठी हसले. "मॅडम, हा तिसरा आकडा."

"आजोबा," मॅडम म्हणाल्या, "तुमच्यावरच विश्वास का ठेवू?"

"ठेवू नका," आप्पा म्हणाले. "कशाला ठेवायचा? टेप हाय माज्याकडं. चला."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. मग टोपण परत पेनाला लावलं आणि त्या उठल्या. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, माणसं उठवणारी. "चला" एवढ्या एका शब्दाने सरकार उठताना मी त्या दिवशीच पाहिलं.

तीस मीटरची टेप. पुढचं टोक भाऊंच्या हातात, मागचं माझ्या. आप्पा मधोमध, टेप सरळ आहे की नाही बघत. मॅडम मोजणी लिहीत होत्या. प्रत्येक टेपला तलाठी जमिनीवर चुन्याची खूण करायचे. आणि मागून अख्खी वाडी! कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, काठी टेकत आक्का, मेंढरं सोडून आलेले धनगर. वाटेची कुठली वळणं आहेत, कुठे काटेरी बाभळ आत आलीय, कुठे शाळेची पोरं पावसाळ्यात घसरतात, हे न सांगता दिसत होतं. चाळिसाव्या टेपेला मॅडमनी कपाळ पुसलं. भाऊंच्या तोंडून निघालंच, "आलं, मॅडम, हितंच..."

"ए भाऊ!" शंभर माणसं ओरडली. आक्का काठी उगारून म्हणाली, "बाई गं, ह्याचं तोंड बांधा कुणीतरी!" मॅडम पहिल्यांदा हसल्या.

ओढ्यात पाणी होतं. मॅडमनी चपला हातात घेतल्या. टेप पाण्यावरून ताणली, तेव्हा आप्पा स्वतः गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि झोळ पडू दिला नाही.

मोठ्या गावात पोचलो. ग्रामपंचायतीच्या पायरीला टेप लागली. एकशे एकोणीस टेपा आणि वर दोन मीटर. मॅडमनी हिशेब केला. "तीन किलोमीटर पाचशे बहात्तर."

सहाशे नव्हते. अठ्ठावीस मीटर कमी.

आप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी पायरीकडे पाहिलं, इमारतीकडे पाहिलं. भाऊ त्यांच्या कानाशी आले, सगळ्यांना ऐकू येईल असं कुजबुजले. "आप्पा, कचेरी हितं दोन साल झालं आली. जुनी पुढं हाय, त्या पिंपळापाशी. तुमी तिथवर मोजलं हुतं. तिथवर ताणू या, सहाशे भरतंय बघा. खोटं थोडंच हाय?"

"कचेरी आज कुठं हाय?" आप्पांनी विचारलं.

"हितं. पण..."

"मग हितं." आप्पा मॅडमकडे वळले. "लिहा, पाचशे बहात्तर. चूक माजी हाय. दोन साल म्या हितनं जातोय, दगड बदलायचं ध्यानात आलं न्हाय."

मॅडमनी आकडा लिहिला. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या घेतल्या. आप्पांची सहीही घेतली. मग त्या म्हणाल्या, "झालं. जीप इकडे बोलवा." तलाठ्यांनी ड्रायव्हरला फोन लावला. तीनदा लावला. वाडीत रेंज नसते.

हरकत घेणाऱ्यांपैकी एक गृहस्थ तिथेच उभे होते, मोटारसायकलला टेकून. टेप गावात शिरली तेव्हापासून सगळं बघत होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "जरा वाडीत सोडता का? जवळच आहे ना, तुम्ही लिहिलंय."

"सोडलं असतं की, मॅडम," ते नम्रपणे म्हणाले, "पण वड्यातनं गाडी जात न्हाय. हायवेवरनं फिरून जावं लागतंय. लई लांब पडतं ते..."

आणि ते थांबले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

कुणी हसलं नाही. मॅडमनी शांतपणे फाइल उघडली, पंचनामा काढला, आणि सह्यांच्या वर उरलेल्या जागेत स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: मूळ गावातून वाहन थेट जात नाही, हरकतदारांनी समक्ष सांगितले. खाली पुन्हा सही केली. हरकतदारांचीही घेतली. मग त्यांनी पुन्हा चपला हातात घेतल्या आणि आम्ही सगळे परत चालू लागलो. ओढ्यापाशी मी आप्पांच्या शेजारी आले.

"आप्पा, मी तुम्हाला बोलले ते..."

"खाली बघून चाल," ते म्हणाले. "हितं दगड सुटलाय."

पुढच्या वर्षी आदेश आला. कुरणवाडी, स्वतंत्र महसुली गाव! छापील कागदावर, शिक्क्यासकट. तलाठी तो घेऊन सकाळीच आले. भाऊंनी हलगीवाले आधीच बोलावून ठेवले होते, ते जाळावर हलग्या तापवत बसले होते. पोरांनी गुलाल आणला होता. मी तर रडतच होते. यादीत आता आमचं नाव येणार होतं, बोट सरकवत गेलं की सापडणार होतं!

आप्पा डेअरीच्या ओट्यावर बसून आदेश वाचत होते, बोट ओळीखाली धरून. एका ओळीवर बोट थांबलं.

"'सुमारे साडेतीन किलोमीटर'," त्यांनी वाचलं. मग वर पाहिलं. "सुमारे म्हंजी?"

"अहो आप्पा, गाव झालं!" मी म्हणाले.

"झालं की. पण कुठं झालं, ते चुकीचं लिवलंय. बहात्तर मीटर कुठं गेलं?"

तलाठ्यांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता भाऊ त्यांना उचलून बाजूला ठेवणार. भाऊंनी हलगीवाल्यांकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, मग डेअरीतल्या टेबलावरचं दुधाचं भांडं खाली उतरवलं आणि टेबल बाहेर आणून मांडलं.

"पोरी, लिही अर्ज," भाऊ मला म्हणाले. "दुरुस्तीचा. खरं अंतर घाल."

मी लिहिला. तीन ओळींचा झाला, त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. पहिली सही भाऊंनी केली. मग रांग लागली. आक्काने अंगठा दिला, धनगरांनी दिले, पुजाऱ्याने ओल्या हाताने सही केली ती पसरली म्हणून पुन्हा केली. हलगीवाले दोनदा जाळात काटक्या टाकून थांबले. मग तेही रांगेत आले, तेही कुरणवाडीचेच होते. शेवटची सही झाल्यावर आप्पांनी अर्ज हातात घेतला, सावकाश वाचला, घडी घातली, आणि खिशात ठेवला.

"वाजवा आता," ते म्हणाले.